नथू पुन्हा पाटावर जातो

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात नथू नावाचा म्हातारा पाटकरी राहत होता. बंधाऱ्याचं पाणी पाटात सोडायचं आणि पाळीपाळीनं प्रत्येकाच्या शेताला द्यायचं, हे त्याचं काम. चाळीस वर्षांत त्यानं कुणाची पाळी चुकवली नव्हती.

एकदा मात्र त्यानं एकाचं पाणी दुसऱ्याच्याच शेतात सोडलं. लोक काही बोलले नाहीत, पण नथूनं धसका घेतला. "डोकं गेलं माझं," असं बायकोला म्हणाला आणि काम सोडून ओट्यावर बसला.

बसून बसून तो आणखीच विसरू लागला. कुणी काही विचारलं, की प्रश्न संपायच्या आत म्हणायचा, "नाही बुवा आठवत."

पौषात गहू ओंबीवर आला आणि शेवटच्या शेतांना पाणी पोचेना. नवा पाटकरी धावत आला. "नथूबाबा, बंधारा भरलाय, पण पाणी मध्येच कुठं गडप होतंय कळत नाही. चार दिवसांत गहू करपेल. तुम्ही चला."

"मला नाही आठवत काही."

बायको दाणे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "आठवून पाहिलंत का?"

"अन् चुकलो तर?"

"चुकलात तर चुकलात. इथं बसून तरी काय बरोबर करताय?"

नथू उठला. पाटाच्या कडेनं चालत त्यानं एक जागा दाखवली. लोकांनी खणलं, तर खाली कोरडा मुरूम. नथूचा चेहरा पडला. घरी परतावं असं फार वाटलं. पण चालून अंग मोकळं झालं होतं, पाय आपसूक पुढं पडत होते. वळणावरच्या उंबरापाशी तळव्यांना ओल लागली आणि तो थबकला.

"इथं माझ्या बापानं एक मोरी बुजवली होती," तो सावकाश म्हणाला. "मीच माती वाहिली होती. खणा!"

दोन हात खणताच खळखळ ऐकू आली. जुनी मोरी फुटून पाणी परत नदीला जात होतं. सगळ्यांनी मिळून ती दगडमातीनं बुजवली. दिवस मावळायच्या आत पाणी शेवटच्या शेतात शिरलं.

दुसऱ्या दिवसापासून नथू रोज पाटावर जाऊ लागला. कधी पाळी विसरायचा. मग नव्या पाटकऱ्याला सरळ विचारायचा, "आज कुणाची रे?" उत्तर मिळालं, की फावडं खांद्यावर टाकून चालू लागायचा.

तात्पर्य एवढंच: चार गोष्टी विसरल्या म्हणून माणूस संपत नाही, हातपाय आणि डोकं चालतं ठेवलं, तर उरलेलं पुष्कळ काही साथ देतं.