पाखऱ्याची घंटा

लमाणांचा एक तांडा होता. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादायच्या आणि रानं तुडवत गावोगाव मीठ पोचवायचं, हे त्यांचं काम. तांड्याची रीत अशी, की सगळ्यात पुढं पाखऱ्या बैल, त्याच्या गळ्यात घंटा, आणि घंटेच्या आवाजामागं बाकीचे सारे बैल.

एके वर्षी हेमला नवा नायक झाला. गडी हुशार, पण हुशारी जरा डोक्यात गेलेली. म्हणाला, "नायक मी, आणि वाट बैलानं दाखवायची?" मग त्यानं काय करावं? घंटा सोडली आणि स्वतःच्या गळ्यात बांधली. हसू नका, खरंच बांधली. बैलांना काय, घंटा वाजेल तिकडं ते जाणार.

आडवाटेनं तळं जवळ पडेल, असा हेमलाचा अंदाज. भर दुपारी पोचले, तर तळ्यात नुसत्या भेगा. पखालीतलं पाणी संपलेलं. त्याची लेक जेमली आईच्या कडेवर निपचित पडली. तेव्हा मात्र हेमला घाबरला, बरं का. गुपचूप घंटा पाखऱ्याच्या गळ्यात बांधली.

मग संध्याकाळी पाखऱ्या एकदम धावत सुटला. एका डबक्यात तोंड घालणार, तोच हेमलानं वेसण ओढली. काठावर ना पाखराचं पाऊल, ना एक बेडूक. म्हणजे पाणी वाईट. तहानलेल्या बैलाला ते सुचलं नाही, माणसाला सुचलं.

मग सकाळी पाखऱ्या एका कोरड्या ओढ्यात थांबला आणि वाळूत खूर आपटू लागला. हेमलानं ओढलं, ढकललं, पण तो हलेना. त्याला कसं कळलं? मला नाही बाई ठाऊक. मी एका बैलाला विचारलं होतं, त्यानं नुसती शेपटी हलवली.

हेमलाची बायको झमकी म्हणाली, "त्याला वास येतोय, पण खणायला हात नाहीत. तुम्हाला आहेत ना? मग उकरा."

हेमलानं उकरलं. कोपरभर खाली ओल लागली. आणखी खाली पाणी झिरपलं. झमकीनं ओंजळ जेमलीच्या ओठांना लावली. पोरीनं डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "आये, पाणी कुणी शोधलं? बानं, का पाखऱ्यानं?"

"आधी पी," झमकी म्हणाली.

जेमली प्याली, बैल प्याले, सगळ्यांच्या शेवटी हेमला प्याला. तांडा सुखरूप गावाला लागला. आता तुम्हीही निजा. कुणी शोधलं, त्यावरून सकाळी भांडा.