आव्यातली बाहेरची रांग

पूर्वी तेरणेच्या काठी तगर नगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्या कुंभारवाड्यात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचं नाव पुष्यक. बोधिसत्त्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोनेरी हरीण नाहीतर हत्तीवर बसलेला राजपुत्र येतो. हा पुष्यक मात्र गुडघे धरून उठणारा साधा म्हातारा होता आणि त्याची मडकी नेहमी काळपट, डागाळलेली निघत. बाजारात ती सगळ्यांत शेवटी खपायची. तरी सकाळी माती तुडवताना तो गुणगुणायचा, आणि दुपारी ताकभात पुढ्यात आला की बायकोकडे अशा कौतुकानं बघायचा, जणू तिनं पंचपक्वान्नंच वाढली.

पण ही गोष्ट आहे त्याच्या शेजाऱ्याची, नागिलची. नागिलच्या हातात जन्मजात कसब होतं. सात वर्षांचा असताना त्यानं चाकावर पहिली घागर काढली, ती बघायला सगळा वाडा जमला होता. बरं, नुसत्या कसबावर तो विसंबला असंही नाही. तांबडं फुटायच्या आत चाकावर बसायचा आणि कंबर धरेपर्यंत उठायचा नाही. कसब आणि कष्ट एकत्र आले म्हटल्यावर लक्ष्मीही आली. राजवाड्यातले कलश तो करी. दारात बैलजोडी होती, घर कौलारू होतं.

एवढं सगळं असून नागिलच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती. जेवायला बसला तर आमटीत मीठ कमी. बाजारात कुणी कलशाची तारीफ केली तर ती थोडी कमीच केली, असं त्याला वाटायचं. आणि सगळ्यांत डोक्यात जायचं ते शेजारून ऐकू येणारं पुष्यकाचं गुणगुणणं. ‘या माणसाकडे आहे काय, म्हणून हा एवढा खुशीत?’ असं म्हणत तो घागरीवर थापी जरा जोरातच मारायचा.

आता कुंभारवाड्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मडकी भाजायचा आवा सगळ्या वाड्यात एकच. त्यात आपली मडकी आपल्या हातानं रचायची नाहीत, ती दुसऱ्यानं रचायची. म्हणजे चांगली जागा कुणी स्वतःसाठी धरून ठेवायला नको. नागिल या रचण्याच्या कामाला कधी येतच नसे. आपले कलश कडेला ठेवायचा आणि नदीवर आंघोळीला निघून जायचा. राजाचा कुंभार म्हणून त्याला कुणी बोलायचं नाही. थोडक्यात काय, चाकावर ज्याच्या तोडीचा कुणी नव्हता, त्या नागिलनं जन्मात एकदाही आवा रचला नव्हता.

पुढे राजकुमाराच्या अभिषेकाचा दिवस ठरला. त्याला महिना उरला असताना राजानं नागिलला बोलावून एकशे आठ कलश करायला सांगितले. राजा मोठ्या आनंदात होता. त्यानं सहज विचारलं, “काय रे नागिल, माणूस सुखी होतो तो कशानं? अंगच्या गुणानं, कष्टानं की धनानं?”

नागिलची छाती फुगली. “महाराज, तिन्ही लागतात, आणि तिन्ही माझ्यापाशी आहेत. गुण मी जन्माला येतानाच आणला. कष्ट मी केले. धन त्यातून आलं. मी कुणाचं काही देणं लागत नाही.”

“कुणाचंच नाही? अरे, आवा तरी वाड्याचा ना?”

दरबारात थोडं हसू झालं. ते नागिलला झोंबलं. तो म्हणाला, “हे कलश मी माझ्या स्वतःच्या आव्यात भाजीन, महाराज. त्यांतल्या एकाला जरी तडा गेला, तर पुन्हा जन्मात चाकाला हात लावणार नाही!”

बोलून तर बसला. दरबारात दिलेला शब्द आता गिळायचा कसा?

नागिलनं कलश घडवले, एकशे आठ आणि वर दहा. इतकं सुबक काम त्याच्याही हातून पूर्वी झालं नव्हतं. आपल्याच परसात त्यानं आवा लावला, उत्तम गवऱ्या आणल्या, पैशाकडे बघितलं नाही. आवा पेटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी राख बाजूला सारली. कडेचे कलश चिरफळले होते. कुणाच्या पोटाला तडा, कुणाचा काठ उडालेला. त्यानं मोजले, एक्केचाळीस कलश गेले होते.

शब्द मोडला होता. पण तो मोडलेला अजून कुणी पाहिला नव्हता. नागिलनं इकडेतिकडे बघितलं आणि खापऱ्या भराभर राखेखाली लोटल्या. अभिषेकाला अजून दिवस होते. कमी पडले तेवढे नवे करता येतील, कुणाला पत्ता लागायचा नाही. चाक सोडायचं म्हणजे जीवच सोडायचा. दुसरं त्याला काय येत होतं? इतक्यात शेजारून गुणगुणणं ऐकू आलं, आणि मग मात्र त्याचं डोकं फिरलं. तो तरातरा पुष्यकाच्या अंगणात शिरला.

“काका, खरं सांगा, माझ्या आव्यावर कुणी काय केलंय? माझे कलश आजवर कधी फुटले नाहीत. एकवीस वर्षांत एक नाही!”

पुष्यक मातीतले खडे वेचत होता. त्याची बायको तिष्या पावटे सोलत बसली होती. पुष्यक जितका शांत, तितकीच ही तोंडाची फटकळ. ती म्हणाली, “अगंबाई! केलं म्हणे कुणी! तुझ्या आव्यात बाहेरच्या रांगेला कोण होतं रे?”

“कोण म्हणजे? माझेच कलश. दुसरं कोण असणार?”

“मग फुटतील नाहीतर काय करतील! वारं बाहेरच्या रांगेला लागतं, जाळ तिथं उसळतो, धूर तिथं बसतो. आत असतात त्यांना नुसती ऊब. एकवीस वर्षं आमची मडकी बाहेर उभी होती, म्हणून तुझे कलश आत खुशाल राहिले. आणि वर हा आमच्यावर ओरडायला आलाय!”

“अगं, राहू दे ना,” पुष्यक म्हणाला.

“राहू दे, राहू दे! इतकी वर्षं राहूच दिलंय की मी.”

नागिल उभ्याचा खाली बसला. त्यानं विचारलं, “काका, हे खरं?”

“आव्याला बाहेरची बाजू असतेच, बाळ. तिथं कुणाची तरी मडकी लागतातच,” पुष्यक म्हणाला. “तुझी पहिली घागर मी बोटानं वाजवून बघितली होती. काय नाद होता! ती भाजताना फुटली असती तर मला घास गेला नसता. म्हणून रचणाऱ्यांना सांगितलं, याची आत ठेवा, माझी बाहेर लावा. मग तीच वहिवाट पडली.”

“आणि तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं? लोक तुमच्या मडक्यांना नावं ठेवायचे. मीसुद्धा ठेवायचो.”

“पहिल्या वर्षी वाटलं की. मग लक्षात आलं, डागाळलेलं मडकं स्वस्त जातं. ज्यांच्या घरी नवं मडकं कधी यायचं नाही, त्यांच्याकडे माझी जाऊ लागली. पाणी काय, काळ्या मडक्यातही गारच होतं.”

नागिलला एकदम रडू फुटलं. मोठा माणूस, राजाचा कुंभार, पावट्यांच्या सालींशेजारी बसून तो हमसून हमसून रडला. माती खणून आणणारे, गवऱ्या थापणाऱ्या बाया, चाकाजवळ झोळी बांधून त्याला निजवणारी आई, सगळी माणसं त्याला आठवली. एकालाही तो कधी ‘बरं केलंत’ म्हणाला नव्हता. तिष्यानं त्याला पाणी दिलं, आणि ते देतानाही, “पी आता, आणि नाक पूस,” असं म्हणायला ती विसरली नाही.

मग नागिलनं आणखी चाळीस कलश घडवले. अभिषेकाला चार दिवस उरले असताना वाड्याचा आवा लागायचा होता, या वेळी ते त्यानं तिथंच भाजायला आणले. त्या सकाळी नागिल नदीवर गेला नाही. “आज मी रचतो,” असं म्हणून तो आव्याच्या खड्ड्यात उतरला तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले.

पुष्यक कडेला उभा राहून सांगत होता, “माझ्या घागरी बाहेर लाव, बाळ. राजाचे कलश मधे घे. नेहमीसारखं.”

नागिलच्या हातात पुष्यकाची घागर होती. कलश मधे ठेवले तर ते धडधाकट निघणार, आधीच्या सत्त्याहत्तरांत मिळवले की एकशे आठ भरणार. राखेखालच्या खापऱ्यांचं या म्हातारा-म्हातारीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती दोघं काही बोलायची नव्हती. चाक वाचणार होतं.  पण नागिलनं पुष्यकाची घागर नेऊन आव्याच्या अगदी मधोमध ठेवली. पुष्यकाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या घागरी त्यानं तिथंच रचल्या, भोवती वाड्यातल्या बाकीच्यांची मडकी लावली, आणि आपले चाळीसही कलश बाहेरच्या रांगेला उभे केले. रीत आपली मडकी आपण न रचण्याची होती, पण ती मोडली म्हणून त्या दिवशी कुणीच तक्रार केली नाही.

आवा उघडला तेव्हा नागिलचे पंधरा कलश फुटलेले निघाले. उरलेल्यांवर काळे डाग होते. त्यानं ते मुकाट्यानं बाजूला ठेवले आणि मधली घागर काढून तिष्याच्या हातात दिली. घागर तांबडीलाल होती, कुठं एक डाग नाही. तिष्यानं बोटाचं पेर वाकवून तिच्यावर टिचकी मारली.

घागर वाजली. तो नाद इतका गोड होता आणि इतका वेळ टिकला की राख उपसणाऱ्यांचे हात जागीच थांबले. नागिलच्या कुठल्याही कलशाचा नाद असा नव्हता, आणि हे सगळ्यांत आधी नागिललाच कळलं.

“अहो,” तिष्या म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फटकळ नव्हता, “हा तुमचा हात होता होय?” तिनं पदर डोळ्यांना लावला.

“मलाही आजच कळतंय,” पुष्यक म्हणाला आणि हसला.

अभिषेकाच्या आदल्या दिवशी नागिल दरबारात गेला. हट्टानं पुष्यकालाही घेऊन गेला. त्याचे एकशे दोन कलश होते, आणि उरलेल्या सहांच्या जागी पुष्यकाच्या सहा घागरी. त्यानं खापऱ्यांची एक टोपली राजापुढे ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. मग चाक फिरवायची आपली काठी राजाच्या पायाशी ठेवून तो म्हणाला, “मी खोटं बोललो होतो, महाराज. सगळ्या वाड्याचं देणं लागतो मी. शब्द हरलो, आता चाकाला शिवणार नाही.”

राजानं एक डागाळलेला कलश वाजवला, मग पुष्यकाची घागर वाजवली.  “म्हाताऱ्या, एवढा गुण तुझ्या हातात, आणि एकवीस वर्षं कुणाला कळला नाही. तुला दुःख नाही होत?”

पुष्यक म्हणाला, “गुण आहे हे मलाच ठाऊक नव्हतं, महाराज. कष्ट वाड्यात सगळेच करतात. धन म्हणाल तर कधी नव्हतंच. पण सकाळी उठून कुणाकुणाचे उपकार आपल्यावर आहेत ते आठवायला बसलो की दुपार होते. दुःख करायला सवड मिळाली नाही.” मग गुडघे धरून तो खाली वाकला, काठी उचलली आणि नागिलच्या हातात दिली. “हिचं इथं काय काम? घरी माती भिजवून ठेवलीय. महाराजांनी हो म्हटलं, तर उद्या चाकावर बस.”

राजा मोकळेपणानं हसला. “जा बाबा, बस. तुझा शब्द मी तुला परत दिला.”

त्या दिवसापासून बाहेरची रांग पाळीपाळीनं सगळ्यांकडे आली. पहिल्या वर्षीची पाळी नागिलनं मागून घेतली. तगरमधले सर्वांत सुंदर कलश त्या वर्षी डागाळलेले निघाले आणि झोपडीझोपडीत गेले. आणि सकाळी माती तुडवताना आता दोन घरांतून गुणगुणणं ऐकू यायचं. त्यातला एक आवाज बेसूर होता, असं तिष्या पुढे कैक वर्षं सांगत असे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, शीलक नावाच्या भिक्षूला सांगितली. चीवर, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, शिवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याच सकाळी तो सोबत्यांना म्हणाला होता, “हे कसब माझं आहे, यात कुणाचा वाटा नाही.” कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा नागिल म्हणजे हा शीलक. तेव्हाचा राजा म्हणजे या विहाराला जागा देणारा गृहस्थ. तिष्या म्हणजे दाराशी बसलेली ती म्हातारी उपासिका, जी आजही शीलकासाठी सूत कातते आणि त्याला दटावतेही. आणि पुष्यक कुंभार म्हणजे मीच होतो.”

शीलक उठला. इतकी वर्षं ज्या सुतानं तो शिवत होता, ते कातणाऱ्या म्हातारीजवळ जाऊन त्यानं तिचं नाव विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. शास्त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते इतर भिक्षूंना म्हणाले, “याला कृतज्ञता म्हणतात.”