पाचशे पावलांची सावली

पूर्वी वेणुमती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका रज्जुकाच्या कुळात जन्माला आला. रज्जुक म्हणजे दोरीने जमीन मोजणारा राजाचा अधिकारी. बोधिसत्त्वाने हत्ती, हरीण, माकड असे पुष्कळ जन्म घेतले. पण ज्यांनी सरकारी चाकरी केली आहे त्यांना सांगायला नको, की त्या सगळ्यांपेक्षा हा जन्म अवघड होता.

त्याचे नाव यशोमित्र. बायको वारून सात वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. घर दोन खणांचे आणि खिडकी एकच. तिच्यातून राजाच्या कोठाराची भिंत दिसे. संध्याकाळी तो त्या भिंतीकडे तोंड करून जेवत असे.

वेणुमतीत घरे वाढत गेली तशी झाडे कमी होत गेली. एका वैशाखात राजाचा आवडता हत्ती उन्हाने भर रस्त्यात कोसळला. माणसे त्याआधीही कोसळत होती, पण हत्ती पडला म्हणजे दिसतो. राजाने आज्ञा काढली, 'नगरीतल्या कोणत्याही घरापासून पाचशे पावलांच्या आत सर्वांसाठी उपवन असावे.' आज्ञा चांगलीच होती. राजाला स्वतःला ती इतकी आवडली की त्याने ती पाच हात उंच शिळेवर कोरून चौकात उभी केली. उपवने अजून व्हायची होती.

काम महाधन अमात्याकडे आले. बाकी वस्त्यांत त्याने जमेल तशी उपवने उभी केली. दक्षिणेच्या टोकाला एक जुनी उघडी आमराई होती. तिच्या पलीकडे रंगाऱ्यांची वस्ती. तिथली माणसे रंगाच्या भट्टीवरून उठून घटकाभर श्वास घ्यायला आमराईत येत. अमात्याने आमराईला चहूबाजूंनी भिंत घातली, आत कारंजी बसवली, आणि उत्तरेला, जिथे व्यापाऱ्यांची नवी घरे उठत होती, तिथे एक सुरेख दरवाजा ठेवला. जे आधीपासून होते ते अशा रीतीने नव्याने निर्माण झाले.

यशोमित्राने मोजणी केली. बापाने शिकवली होती तशीच. दोरी ताठ, रेषा सरळ. मध्ये भिंत आली तर एकाने भिंतीवर चढायचे आणि दोरी वरून न्यायची. दोरीचे दुसरे टोक अठरा वर्षे त्याचा सहायक पिंगल धरीत आला होता. सगळी घरे पाचशेच्या आत बसली. नकाशाचे कापड इतके हिरवे झाले की राजाने विचारले, "यात आमचे नगर कुठे आहे?" दरबार हसला, कारण राजा हसला होता.

यशोमित्राला बक्षीस ठरले : आमराईच्या उपवनाला लागून तीन खिडक्यांचे घर. नकाशावर त्याचा शिक्का उमटला की घर त्याचे. तो एकटाच जाऊन ते पाहून आला. मधल्या खिडकीसमोर एक फांदी होती, फांदीवर बुलबुल होता. जेवताना समोर कोणीतरी असेल, असे त्याच्या मनात आले, आणि या विचाराची त्याला थोडी लाजही वाटली.

शिक्क्याआधी एक रीत पाळावी लागे. रज्जुकाने प्रत्येक वस्तीत जाऊन माप मोठ्याने वाचायचे. कोणाची हरकत असेल तर त्याने तिथेच बोलायचे. पण वाचणारे इतके भरभर वाचत, की कित्येक पिढ्यांत कोणाला हरकत घेता आली नव्हती. यशोमित्र सावकाश वाचत असे. ही त्याची खोड होती.

"रंगाऱ्यांची वस्ती. उपवन चारशे पावले."

कोपरापर्यंत निळे हात झालेली एक म्हातारी भट्टीपाशी उभी होती. तिचे नाव सामा. ती हसायला लागली. "अहो दोरीवाले, किती म्हणालात?"

"चारशे, माई."

"मग आत्ताच नेते की ह्यांना!" ओसरीवर तिचा नवरा नंदक धापा टाकत बसला होता. "वैद्य म्हणतात, रोज सकाळी झाडाखाली बसवा, नाहीतर या धुराने छाती संपेल. पाचशे पावले चालतात ते. त्यापुढे जिथे असतील तिथे खाली बसतात. चला, दाखवा वाट."

यशोमित्र पावले मोजत पुढे झाला. सामा मागोमाग. तीनशे ऐंशीला भिंत आली.

"हं, उडा आता," सामा म्हणाली. "दोरी उडाली ना तुमची?"

ती भट्टीकडे परत गेली. यशोमित्र एकटाच भिंतीच्या कडेने, वाटेतल्या खंदकाला वळसा घालून चालत राहिला. उत्तरेच्या दरवाजाशी पोहोचला तेव्हा तीन हजार एकशे पावले झाली होती.

"पिंगल," तो मोजणीघरात येऊन म्हणाला, "उद्या पुन्हा मोजायचे. पाय जातील त्या वाटेने."

"आर्य, घर हातात येतेय तुमच्या. आणि मला तीन मुली उजवायच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी पिंगलला ताप आला. त्याच्या जागी ज्याला बोलवावे त्यालाही ताप आला. मोजणीघरात साथच पसरली. जेवणाच्या वेळेपुरती ती उतरत असे. यशोमित्राने दोरीचे एक टोक खुंटीला बांधले, दुसरे घेऊन चालत गेला, खूण केली, परत येऊन खुंटी उपटली, पुढे नेऊन ठोकली. असे तीन दिवस. ओळखीची माणसे समोरून येत आणि त्याला पाहून रस्ता ओलांडत.

चौथ्या दिवशी महाधन स्वतः आला. "यशोमित्रा, दोरी खोटी आहे का?"

"नाही."

"माप खोटे आहे का?"

"कावळ्यांसाठी बरोबर आहे."

"दक्षिणेला दरवाजा केला तर निळ्या हातांची माणसे कारंज्याशी येऊन बसतील. मग उत्तरेची घरे घेणार कोण? तू शिक्का मार. तुझी खिडकी तर झाडांकडेच उघडते."

यशोमित्राला ती फांदी आठवली. तो दोरी गुंडाळू लागला.

दरबारात शिक्का पुढे आला तेव्हा तो म्हणाला, "महाराज, हे माप चुकले आहे. मी भिंतीवरून मोजले. रंगाऱ्यांना उपवन तीन हजार एकशे पावलांवर आहे."

"चूक कोणाची?"

"माझी."

महाधनाने सुटकेचा निःश्वास टाकला. राजा म्हणाला, "तर शिक्षाही तुझीच. घर गेले, चाकरीही गेली."

"योग्य आहे. पण चौकात शिळा उभी आहे, आणि तिच्यावर महाराजांचे नाव आहे. शिळा फोडायची की भिंत, एवढे महाराजांनी ठरवावे."

राजाने बराच वेळ विचार केला. रंगाऱ्यांचा विचार त्यात किती होता हे सांगता येत नाही; पण शिळेवरची अक्षरे फार सुबक आली होती. त्याने भिंत फोडायला सांगितली.

पिंगल रज्जुक झाला आणि तीन खिडक्यांचे घर त्याला मिळाले. यशोमित्राकडे कोणी येईना. कोठाराच्या भिंतीकडे पाहत तो जेवे. पावसाळा संपल्यावर एका सकाळी तो दक्षिणेच्या नव्या दरवाजाने आत गेला आणि एका आंब्याखालच्या ओट्यावर बसला. काही वेळाने सामा आली, नंदकाला दंडाला धरून. दोरी नसलेला हा माणूस तिने ओळखला नाही.

"अहो, जरा सरकता का? ह्यांना टेकायचंय."

यशोमित्र सरकला. नंदक टेकला, डोळे मिटून त्याने श्वास घेतला, मग आणखी एक घेतला. सामा आपल्या कामाला निघून गेली. दोघे बराच वेळ शेजारी बसून राहिले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा भद्रसेन राजा म्हणजे आनंद. सामा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढताना चार शब्द सुनावणारी उपासिका. महाधन म्हणजे देवदत्त." शेवटचे सगळ्यांनी आधीच ओळखले होते, अशा कथांत दुष्ट माणूस नेहमी देवदत्तच असतो.

"आणि पिंगल, भदंत?" कोणीतरी विचारले.

"तो या सभेतच बसला आहे," शास्ते म्हणाले, आणि नाव सांगितले नाही. तेव्हा बऱ्याच भिक्षूंनी माना खाली घातल्या.

"रज्जुक यशोमित्र मीच होतो. शेजारी कोणी उभे राहो न राहो, आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."