तंबोऱ्याची पाळी

एका टेकडीवर एक मठ होता. मठात साधक अकरा आणि तंबोरा एक. पहाटे सगळे ध्यानाला बसत, तेव्हा एकाने तंबोरा छेडत राहायचा, अशी तिथली रीत. त्या संथ सुरावर बाकीच्यांचं मन हळूहळू स्थिरावे. वाजवणाऱ्याला मात्र ध्यान नाही. तार उतरली की लगेच कळायला हवं, म्हणून त्याने डोळे उघडे ठेवून बसायचं. हे सगळं एकावरच पडू नये यासाठी पाळ्या लावलेल्या होत्या.

त्यांतला एक साधक ध्यानात लवकर रमला. आपली पाळी आली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. मग तो शेजारच्या गुरुबंधूला हळूच म्हणे, "आजच्या दिवस माझी पाळी घेतोस का? काल मन छान लागलं होतं, मोडवत नाही."

"घेतो की. तू बस निवांत," गुरुबंधू म्हणे.

आजच्या दिवसाचे महिने झाले, महिन्यांची बारा वर्षं झाली. पुढे पुढे तर विचारायचंही राहून गेलं.

गुरुजींनी एकदा टोकलं, "तुझी पाळी कधी असते रे?"

"तंबोरा काय गुरुजी, कोणीही वाजवेल. ध्यान थोडंच कोणालाही लागतं?"

तोवर गावातले लोक साधकाच्या पाया पडू लागले होते आणि स्वारी खुशीत होती.

एका वर्षी गुरुजी बाकीच्यांना घेऊन यात्रेला गेले. मठ सांभाळायला हे दोघे मागे राहिले. ते गेल्यावर गुरुबंधूने अंथरूण धरलं. एका सकाळी त्याला अशी धाप लागली की, आपलं आता फार उरलं नाही, हे त्याला कळून चुकलं.

"मनाची फार घालमेल होतेय रे," तो म्हणाला. "सुरावर एकदा डोळे मिटून बसावंसं वाटतंय. जरा तंबोरा धर."

साधक धावत जाऊन तंबोरा घेऊन आला. तो मांडीवर घेतला आणि छेडून पाहिला. तारा उतरल्या होत्या. कोणती खुंटी किती पिळायची, हेच त्याला ठाऊक नव्हतं. एक तार किंचाळली, दुसरी सैल पडून खरखरू लागली.

"वरची खुंटी जरा मागे घे," गुरुबंधू म्हणाला. "हं. आता तिच्या शेजारची. घाई नको करूस."

मिटू लागलेले डोळे त्याने ओढून उघडे ठेवले. खुंट्या दाखवता दाखवता त्याचा आवाज बारीक होत गेला. "जमेल तुला," एवढं म्हणाला आणि गेला. सूर काही लागला नव्हता.

बारा वर्षांत एक सकाळ तरी याच्यासाठी वाजवायला हवं होतं, असं वाटून साधक ओक्साबोक्शी रडला. नंतर तो तंबोरा शिकला. रोज पहाटे हट्टाने तोच वाजवी आणि चांगला वाजवी. पण ज्याच्यासाठी वाजवायचा, तो ऐकायला नव्हता.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्या सुरावर आपण डोळे मिटतो, तो कुणीतरी डोळे उघडे ठेवून धरलेला असतो, तो माणूस आहे तोवरच आपली पाळी उचलावी.