कोतवालाची राखण

नदीकाठच्या एका जंगलात चितळांचा मोठा कळप राहत असे. मुलांनो, त्या कळपाची एक जुनी रीत होती. सगळे चरत असताना एकाने न चरता मान वर ठेवून उभे राहायचे. हिला ते राखणीची पाळी म्हणत. शिवाय वाघ दिसला की झाडावरची वानरेही ओरडून सावध करीत. पण एके वर्षी वानरे म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बघा," आणि डोंगरापलीकडे निघून गेली.

कळप धास्तावला. तेव्हा एक काळा कोतवाल पक्षी पुढे आला. वानर, मोर, भेकर अशा सगळ्यांचे धोक्याचे इशारे त्याने ऐकून ऐकून हुबेहूब उचलले होते. तो म्हणाला, "राखण मी करतो. तुम्ही मात्र उंच गवतात चरा. तुमच्या पायांनी उडणाऱ्या किड्यांवर माझं पोट भरेल."

कळपाची सभा बसली. शिंगांचा मोठा तोरा असलेला नर म्हणाला, "पलीकडच्या कळपाने केव्हाच कोतवाल ठेवलाय. आपणच मागे राहायचं? आणि आता पाळी तरी कशाला हवी?"

एक लंगडी हरिणी पाडसाला बिलगून उभी होती. ती म्हणाली, "कोतवाल खुशाल ठेवा. पण पाळी सोडू नका. उंच गवतात आपल्याला चार पावलांपलीकडचं दिसत नाही."

"मावशी, तुमचं आपलं काहीतरीच!" नर म्हणाला आणि सगळे हसले. पाळी बंद झाली आणि कळप उंच गवतात चरू लागला.

कोतवाल कामाला चोख निघाला. दोनदा वाघ आला, दोन्ही वेळा सगळे वाचले. पुढे पुढे हरिणीही निर्धास्त चरू लागली.

एके दुपारी तिला गवताचे शेंडे वाऱ्याच्या उलट हलताना दिसले. तिने जोरात पाय आपटला. कळपाने माना वर केल्या, पण तिच्याकडे कोणीच पाहिले नाही. सगळ्यांनी झाडाकडे पाहिले. कोतवाल गप्प होता. तेवढ्यात रानकुत्री आत घुसली. कळप उधळला आणि बहुतेक जण वाचले. हरिणीचे पाडस झाडाकडेच पाहत उभे राहिले होते. ते परत आले नाही.

"त्या लबाडाला हाकला!" नर ओरडला.

"मी लबाडी केली नाही," कोतवाल म्हणाला. "रानकुत्री इथे कधी आलीच नव्हती. जो इशारा मी कधी ऐकला नाही, तो देऊ कुठून?"

हरिणी म्हणाली, "राहू द्या त्याला. वाघ त्याला आपल्याआधी कळतो. पण मी पाय आपटला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे का नाही पाहिलंत?"



दुसऱ्या दिवशी कळप पुन्हा नदीकाठच्या मोकळ्या गवतात उतरला. कोतवाल झाडावर बसला होता. खाली पहिली पाळी नराने मागून घेतली आणि दिवसभर गवताला तोंड लावले नाही.

तात्पर्य : राखणीला हुशार मदतनीस जरूर ठेवावा, पण आपले डोळे त्याच्या हवाली करू नयेत, आणि आपल्यांनी दिलेला इशारा त्याच्या होकारासाठी अडवून ठेवू नये.