न खुडलेला कोपरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता ते मला विचारू नका; मला ठाऊक नाही, आणि शोधत बसायचं त्राणही आता नाही. नदीकाठी एक गाव होतं, एवढं पुरे. त्या गावात एका विणकराची बायको राहत असे, आणि ती दमलेली असे. सकाळी उठतानाच दमलेली असे, म्हणजे बघा.

तिच्या मागच्या दारी, मोरीचं पाणी जिरायचं तिथे, कोथिंबिरीचा एक लहानसा वाफा होता. धणे चपलेखाली हलके रगडून त्यांची दोन दोन दलं करायची, मातीत पेरायची आणि मोरीचं पाणी तिकडे वळवायचं, एवढंच तिचं शास्त्र. कोपऱ्यातली थोडी रोपं मात्र ती कधी खुडत नसे. त्यांना फुलं येत, फुलांचे धणे होत, आणि तेच पुढच्या पेरणीला लागत. उन्हाळ्यात सारं गाव करपून जाई, पण हा वाफा हिरवागार असे.

आता त्या गावाची एक रीत होती. दारात आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. रीत चांगलीच होती हो, वाईट कोण म्हणतंय? पण चांगल्या रीतीवर जगणारे लोकही भरपूर निघतात. सकाळी शेजारीण वाटी घेऊन येई, आमटीवर घालायला चार काड्या मागे. मग पलीकडच्या आळीतली येई, मग तिची जाऊ येई. कुणाकडे पोहे असत, कुणाकडे पाहुणे. आपल्याही दारी चार धणे पेरावेत असं कुणाच्या मनात येत नसे. उलट, वहिनी, तुमच्या हातालाच गुण आहे, असं म्हणत त्या वाटी पुढे करत. ती खुडून देई, वर हसून देई, आणि घरात जाऊन भिंतीला टेकून उभी राही. बसायला वेळ नसे.

त्या उन्हाळ्यात विणकर तापाने पडला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज समोर आली की तो भिंतीकडे तोंड करी. फक्त ताजी कोथिंबीर चुरून वर घातली, तर तिच्या वासावर त्याला चार घास जात. तो नुसता हाडांचा सापळा राहिला होता, आणि त्या चार घासांवरच त्याचा जीव टिकून होता.

नेमकी त्याच उन्हाळ्यात गावात लग्नं निघाली. वाट्यांच्या जागी पातेली येऊ लागली. एका सकाळी दारात कुणीतरी उभं होतं आणि वाफ्यात फक्त राखलेला कोपरा उरला होता. ती जराशी अडखळली. मग वाटी रिकामी कशी पाठवायची, म्हणून तिने तोही कापून दिला.

दुसऱ्या दिवशी विणकराने पेजेला तोंडही लावलं नाही.

मग ती स्वतः वाटी घेऊन घरोघर गेली. कोथिंबीर कुणाकडेच नव्हती. असणार कुठून? साऱ्या गावाची कोथिंबीर हिच्याच दारी पिकत होती. निदान पेरायला धणे द्या म्हणाली, तर तेही सगळ्यांनी मसाल्यासाठी भाजून ठेवलेले. भाजलेले धणे काय उगवणार, कपाळ! पण रीत पाळायला सगळ्या तयार. एकीने वाटीत मीठ घातलं, एकीने गुळाचा खडा ठेवला, एकीने मूठभर डाळ टाकली. अशी भरलेली वाटी घेऊन ती परत आली आणि मोरीच्या दगडावर बसून रडली. रडायलाही तिला कित्येक दिवसांत सवड मिळाली नव्हती.

त्या दगडाखाली एक म्हातारा बेडूक राहत असे. पावसाळा सोडला, तर उरलेलं वर्ष तो झोपून काढी. रडण्याने त्याची झोपमोड झाली, आणि झोपमोड झालेला जीव जसा बोलतो तसाच तो बोलला. दगडामागे बघ म्हणाला, आणि मला झोपू दे.

दगडामागच्या फटीत एक रोप उभं होतं. कधीतरी सांडलेल्या धण्यातून उगवलेलं, कुणाच्या नजरेला न पडलेलं. त्याला पांढरी फुलं होती, हिरवे धणेही धरू लागले होते. पाला उरला होता तो शेंड्याला, जेमतेम एका पेजेपुरता, आणि तो घ्यायचा तर शेंडाच खुडावा लागणार होता. तिचा हात पुढे झालाच.

"खुडलंस तर आज तो जेवेल," बेडूक म्हणाला. "पुढे काय घालशील?"

"आणि आज नाही जेवला तर? पुढचं घेऊन मी काय करू?"

बेडकाने एक डोळा मिटून घेतला. "मला एवढंच ठाऊक आहे," तो म्हणाला, "की मी निजतो, म्हणून पावसाळ्यात ओरडायला उरतो. ज्याला कुणी निजू दिलं नाही, असं काही उरलेलं मी पाहिलं नाही. ना रोप, ना बाई." आणि तो खरोखरच झोपून गेला.

तेवढ्यात दारातून हाक आली. शेजारीण वाटी घेऊन उभी होती. जावई आलाय म्हणाली, थोडीशीच द्या. विणकराच्या बायकोने वाटीकडे पाहिलं आणि रोपाकडे गेलेला हात मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली.

शेजारीण रिकामी वाटी घेऊन गेली आणि गावभर बोभाटा करून आली. आभाळ काही कोसळलं नाही. उलट, रागावलेल्या बायका दाराशी फिरकल्याच नाहीत, आणि खुडून देण्याचं कामच उरलं नाही. मग पेजेचा वाडगा घेऊन ती नवऱ्याशेजारी चक्क खाली बसली.

"कोथिंबीर नाही," ती म्हणाली. "आणि मी दमलेय हो."

विणकर तिच्याकडे बघत राहिला. लग्न झाल्यापासून ती बसलेली त्याने फारशी पाहिली नव्हती. "आधी तू जेव," तो म्हणाला. "मग मीही घेतो चार घास."

पेज बेचव होती. काही जादूबिदू झाली नाही, ती बेचवच राहिली. पण घास गेले, आणि दुसऱ्या दिवशीही गेले.

यथावकाश धणे वाळले. तिने वाफा पेरला, तो फोफावल्यावर पुन्हा कोपरा राखला. गावाचा रागही ओसरला, वाट्या परत आल्या. या वेळी तिने रीत मोडली नाही. प्रत्येक वाटीत चिमूटभर धणे घातले, आणि कसे पेरायचे तेही सांगितलं. एकीने ते मसाल्यात कुटले आणि पुन्हा वाटी घेऊन आली. तिलाही तिने धणेच दिले. पुढच्या उन्हाळ्यात घरोघरी मोरीपाशी कोथिंबीर हिरवी झाली, विणकर मागावर बसला, आणि त्याची बायको दुपारची दगडावर निवांत टेकू लागली. दगडाखाली बेडूक घोरत असे.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, ध्यानात ठेवा: देणाऱ्याने आपला एक कोपरा न खुडता राखावा, नाहीतर देणंही संपतं आणि देणाराही.