सिंहराजाचं फुगलेलं पोट

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे विष नव्हे, पण माझं ऐकतंय कोण?" साळूबाई वैदीण अजून कुरकुरते.

फार मागे सिंहराजाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. सगळे म्हणाले, स्वयंपाकी अस्वलानं विष घातलं, ढकला त्याला कड्यावरून.

शेवटी साळूबाई पुन्हा म्हणाली, "विष कसलं? महाराज, परसाकडं कधी गेलात?"

"चार दिवस झाले. उठलो तर वाघ बसेल ना माझ्या जागी."

"आलेली कळ दाबून कुणी राज्य करतं का?" तिनं कोमट पाण्यातून हिरड्याचं चूर्ण पाजलं आणि सकाळी त्याला झुडपामागं मलासनात उकिडवं बसवलं.

राजा हसतच बाहेर आला. "अस्वलाला सोडा. पण मग दोष कुणाचा, साळूबाई?"

"एका आसनानं अडवलं, एकानं सोडवलं. सोडवलं ते मलासन. अडवलं ते तुमचं सिंहासन."